एक्कावन्न हजार मण, पण कोणता तांदूळ?

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यातल्या धान्यकोठारावर एक इंग्रजी शिलालेख बसवलेला होता. गव्हर्नर-जनरल आणि त्याच्या कौन्सिलच्या हुकमावरून, किल्ल्याला रसद पुरवणारा एजंट जॉन बेल्ली याच्या देखरेखीखाली, १७८२ सालच्या मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत या इमारतीत ५१,२५८ मण तांदूळ आणि २०,०२३ मण साळ भरली, असा त्याचा मजकूर. बाजारी मण साधारण ३७ किलोचा धरला तर हा सुमारे १,९०० टन तांदूळ आणि ७४० टन साळ होते. माणशी रोज शेरभर शिजवला तर नुसता तांदूळच दहा हजार माणसांना दोनशे दिवस पुरेल.

मोजणी सुट्या मणापर्यंत केलेली आहे. कोणाच्या हुकमाने, कोणाच्या नजरेखाली, कोणत्या महिन्यांत, सगळे दगडावर आहे. फक्त कोठारात भरला तो तांदूळ कोणता, हे तेवढे नाही. जाडा की बारीक, नवा की जुना, उकडा की सुरय, लवकरच्या आउश पिकाचा की हिवाळ्याच्या आमनचा? बंगालचा असो की कोकणचा, भातखाऊ माणूस पोत्यात हात घालून पहिल्यांदा हेच विचारील. आणि त्याच्या पन्नासेक वर्षे आधीच्या बंगालमध्ये या प्रश्नाच्या उत्तरावर रुपयाला सव्वा मण पदरात पडणार की साडेसात मण, हे ठरत होते.

हा फरक खुद्द ईस्ट इंडिया कंपनीच्याच कागदांत नोंदला गेला आहे. १७७६ साली कलकत्त्याच्या कौन्सिलपुढे जुन्या आणि नव्या भावांची तुलना मांडली गेली, तिच्यात मुर्शिदाबादचे १७२९ सालचे दर आहेत. बारीक तांदळात ‘बाँसफुल’ या एकाच जातीच्या तीन प्रती. पहिली प्रत रुपयाला १ मण १० शेर, दुसरी १ मण २३ शेर, तिसरी १ मण ३५ शेर. पुढे जाडे तांदूळ येतात : देसना ४ मण १५ शेर, पूर्बी ४ मण २५ शेर, मुनसारा ५ मण २५ शेर आणि सगळ्यांत स्वस्त कुरकाशाली, रुपयाला ७ मण २० शेर. कुरकाशालीतल्या ‘शाली’त मराठी कानाला आपली साळ ऐकू येते. इंग्रज कारकुनांनी ही नावे रोमन अक्षरांत वेडीवाकडी उतरवली, पण उतरवली हेच महत्त्वाचे.

चाळीस शेरांचा मण. म्हणजे उत्तम बाँसफुल रुपयाला पन्नास शेर आणि कुरकाशाली तीनशे शेर. एकाच बाजारात, एकाच दिवशी, तांदूळ नावाच्या एकाच धान्याच्या किमतीत सहा पटींचे अंतर. नवाबाच्या घरी पुलाव शिजत होता तो एक तांदूळ आणि हातमागावर बसलेल्या विणकराच्या ताटात पडत होता तो दुसरा. विणकर स्वस्तात मलमल विणू शकत होता ते या दुसऱ्या तांदळाच्या जिवावर. १७७६ पर्यंत बाँसफुलाची पहिली प्रत रुपयाला मणभरही मिळेना आणि जाड्या तांदळाचे भावही कित्येक पटींनी चढले होते. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत बंगालवर जे जे कोसळले त्याचा हिशेब या दोन रकान्यांत आहे.

त्यातला एक आघात मराठ्यांचा. हे लिहिताना मराठी लेखकाने आवाज खाली आणण्याचे कारण नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून चौथाईसाठी बंगालवर जात राहिल्या. आपल्याकडचा ‘बारगीर’ तिकडे ‘बर्गी’ झाला आणि बंगाली आईच्या अंगाईत जाऊन बसला. त्या अंगाईत बर्गी आहेत आणि पाखरांनी खाल्लेले धानही आहे. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ च्या सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. त्यात तांदूळ, डाळी, तेल, मीठ सगळे रुपयाला शेर झाल्याचे आणि लोक केळीचे कंद उकडून खात असल्याचे वर्णन आहे. कवीने अतिशयोक्ती केली असेल असे म्हणून सुटता येत नाही. कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्याच भीतीने १७४२ साली शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला, तो तीनेक मैल खणून झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ या नावाने त्याची आठवण अजून शिल्लक आहे.

बंगालच्या भाताचे वर्ष तीन पिकांचे. ‘आउश’ हे पावसाळ्याच्या आरंभी उंचवट्याच्या जमिनीत पेरायचे आणि भाद्रपदापर्यंत कापायचे. नावाचे मूळ संस्कृत ‘आशु’, म्हणजे लवकर येणारे. याचा तांदूळ बहुधा जाडा, रंगाला तांबूस, पोटाला धरून राहणारा, तो गरिबाचा. ‘आमन’ हे पाणथळ शेतातले मोठे पीक. आषाढ-श्रावणात लावणी आणि मार्गशीर्षाच्या आसपास कापणी. बारीक आणि सुवासिक जाती बहुतेक याच पिकातल्या. तिसरे ‘बोरो’, हिवाळ्यात ‘बिल’ म्हणजे उथळ पाणथळ तळ्यांच्या ओल्या तळात लावलेले, उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारे, खरखरीत दाण्याचे. जमीन किती वर, पाणी किती दिवस उभे राहते, पूर किती वेगाने चढतो, यावर जात ठरत असे. पुराच्या पाण्याबरोबर ज्याची काडी उंच होत जाते असे खोल पाण्याचे भातही त्यात होते. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लने बंगालच्या तांदळाबद्दल लिहिले आहे की प्रत्येक जातीचा एकेक दाणा जमवला तरी मोठे भांडे भरेल. वाचताना हे दरबारी कौतुक वाटते, पण बंगालच्या जमिनीचे चढउतार पाहिलेल्याला ते पटते.

जातींची ही गर्दी शेतकऱ्याचा विमा होती. आउश गेले तर आमन, आमन बुडाले तर बोरो. १७६९ साली पावसाने अवेळी पाठ फिरवली आणि हिवाळ्याचे आमन, म्हणजे वर्षाची खरी बेगमी, शेतातच वाळले. पुढे आलेला तो छियात्तरचा मन्वंतर, बंगाली सन ११७६ चा दुष्काळ. १७७० च्या उन्हाळ्यात मुर्शिदाबादेत तांदूळ रुपयाला तीन शेर झाला. एकेकाळी कुरकाशाली तीनशे शेर मिळत होता, तिथे तीन. त्या भावाला बाँसफुल आणि कुरकाशाली असा फरक विचारायला कोणी उरत नाही. कंपनीने आपल्या फौजेसाठी धान्य आधीच उचलून ठेवले होते आणि सारा वसूल होतच राहिला. बंगाल-बिहारमधली एक तृतीयांश माणसे, सुमारे एक कोटी, गेली असा अंदाज गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या काळापासून केला जातो.

बेल्लीच्या कोठारामागे ही आठवण होती आणि युद्धाची भीतीही होती. १७८० मध्ये नागपूरकर मुधोजींचा मुलगा चिमणाजी फौज घेऊन कटकपर्यंत आला होता. हेस्टिंग्जने रक्कम मोजून ते संकट परतवले. दक्षिणेत हैदर अली, समुद्रावर फ्रेंच आरमार. कोठार भरत होते त्याच मे महिन्यात, १७ तारखेला, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला आणि मराठ्यांशी चाललेले युद्ध थांबले. तहाचा कागद तयार होत असताना गंगेच्या काठावर पोती मोजली जात होती.

बेल्ली हा हेस्टिंग्जचा खाजगी सचिव. १७७७ मध्ये त्याला किल्ल्याच्या रसदीचे काम मिळाले आणि मोबदला ठरला तो खरेदीवर तीस टक्के. लंडनच्या पार्लमेंटमध्ये एडमंड बर्कने हेस्टिंग्जवर जे आरोपपत्र ठेवले त्यात हे तीस टक्केही आहेत. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला, तो भाग वेगळा. धान्याचा दर्जा बाजूला ठेवून नुसते वजन लिहिणाऱ्या शिलालेखाशेजारी ही टक्केवारी ठेवून पाहावी असे मात्र राहून राहून वाटते.

तरी त्या दगडावरून जाणकाराला थोडेफार वाचता येते. कोठार भरले ते मार्च ते मे, म्हणजे आमन कापून, झोडपून, वाळवून बाजारात आल्यावर, आणि पावसाची दमट हवा सुरू होण्याआधी. त्यामुळे तो बहुतेक आमनचा असावा. दुसरे, तांदळाबरोबर साळही ठेवली. सडलेल्या तांदळाला सोंडे लागतात, जाळी धरते, वास येतो. टरफलात राहिलेला दाणा जास्त टिकतो, मात्र जागा जास्त खातो आणि शंभर मण साळीतून सडल्यावर पासष्ट-सत्तर मणांहून अधिक तांदूळ हाती येत नाही. वेढा लवकर उठला तर तांदूळ आणि लांबला तर साळ, असा हा हिशेब असावा. आपल्याकडे पन्हाळ्याच्या अंबारखान्यातही हेच शहाणपण दिसते. तिथल्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे असे सांगतात, आणि नुसते भात न भरता नाचणी-वरीही भरत. ही दोन्ही धान्ये किडीला दाद देत नाहीत.

शिलालेखात साळीला ‘पॅडी’ म्हटले आहे. हा शब्द ना बंगाली ना मूळचा इंग्रजी; मलाय भाषेतल्या ‘पादी’वरून तो व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आला. मुंबईच्या जुन्या इंग्रजी कागदांत मात्र याच वस्तूला ‘बॅटी’ म्हणतात, कारण तिथल्या साहेबाने शब्द आपल्या ‘भात’वरून उचलला. कोकणी माणसासाठी शेतात उभे असते तेही भात आणि ताटात वाफाळते तेही भात. बंगाल्याचे तसे नाही. त्याचे शेतातले ते ‘धान’, सडलेले ते ‘चाल’ आणि शिजल्यावरच ‘भात’.

चालाचेही पुन्हा दोन प्रकार. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग ढेंकी या पायाने चालवायच्या उखळात सडली की ‘सिद्ध’, म्हणजे आपला उकडा. उकडल्याने दाणा टणक होतो, सडताना कमी तुटतो, कोंड्यातले सत्त्व आत मुरते आणि टिकायलाही बरा. नुसती उन्हात वाळवून सडली की ‘आतप’, म्हणजे सुरय. रोजच्या जेवणात सिद्ध. देवाच्या नैवेद्याला, श्राद्धाला आणि उच्चवर्णीय विधवेच्या एकवेळच्या हविष्यान्नाला आतप. जगातल्या बहुतेक भातखाऊ समाजांनी दाण्याच्या लांबीवरून आणि पांढरेपणावरून प्रती लावल्या. बंगालने त्यात सोवळेही घातले.

इथेच फोर्ट विल्यमची गोष्ट एका वेगळ्या तांदळापाशी येऊन पोचते. आजचा किल्ला उभा आहे ती जागा पूर्वी गोविंदपूर गावाची. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांतून शहर झाले, त्यातले हे दक्षिणेचे. कापडाचा व्यापार करणारी सेठ आणि बसाक घराणी इथे राहत. सेठांचे कुलदैवत गोविंदजी. त्याच्यावरूनच गावाला नाव पडले अशी परंपरा आहे. १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौलाने जुना किल्ला घेतला, पुढच्या वर्षी प्लासीची लढाई झाली, आणि १७५८ मध्ये कंपनीचा सेनानी क्लाइव्हने नव्या किल्ल्यासाठी गोविंदपूरची जागा धरली. गाव उठवले. लोकांना तालतला, कुमारटुली, शोभाबाजार अशा भागांत जमिनी दिल्या. सेठ-बसाक उत्तरेकडे बडाबाजारच्या बाजूला सरकले. झाडी तोडून तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवले ते मैदान. वीस लाख पौंडांच्या आसपास खर्च होऊन किल्ला १७८१ च्या सुमारास पुरा झाला आणि लगेच पुढच्या वर्षी बेल्लीचे कोठार भरले.

गाव गेले, पण त्या गोविंदजीच्या नैवेद्याच्या तांदळाचे नाव टिकले. गोविंदभोग. आखूड, टपोरा, पांढराशुभ्र दाणा, लोण्यासारखा मऊ, शिजला की एकमेकांना बिलगणारा आणि वासाचा. मराठी माणसाला ओळख पटवायची तर आंबेमोहराची पूर्वेकडची बहीण म्हणावी. हा आतपच. पौष संक्रांतीचा पायेश, भोगाची खिचडी, नवजात बाळाच्या अन्नप्राशनाची खीर यात दुसरा तांदूळ घातला तर बंगाली आजी ताटाकडे पाहूनच ओळखते. पूर्व बर्धमानच्या रायना-खंडघोष भागात तो पिकतो. २०१७ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी उत्तर दिनाजपूरच्या तुलाईपंजीलाही.

बंगालच्या तांदळांची नावे ऐकत राहावीत अशी आहेत. कालोजिरा, कटारीभोग, दादखानी, बाकरगंजचा बालाम. जयनगरच्या ‘मोया’ या मिठाईच्या लाह्यांसाठी कनकचूर. आणि राँधुनीपागल, ज्याच्या वासाने रांधणारीच वेडी होते तो. कोणा अधिकाऱ्याने ही नावे ठेवलेली नाहीत. आपल्याकडे १९८० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून एक बारीक वाण सिद्ध केले, तेव्हा त्याला नाव मिळाले त्या काळच्या आवडत्या घड्याळाचे, एचएमटी. गोविंदजी आणि मनगटी घड्याळ यांत दोन-तीन शतकांचे अंतर आहे, पण दोन्ही नावे कचेरीत ठेवलेली नाहीत.

कंपनीच्या लोकांपैकी काहींनी हे वैविध्य डोळसपणे पाहिले. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक झालेल्या हेन्री कोलब्रुकने बंगालच्या शेतीवरील आपल्या ग्रंथात भाताच्या असंख्य जाती आणि त्या त्या जमिनीशी त्यांचे जुळणे याची दखल घेतली. पण निर्यातीच्या बाजारात इतक्या नावांना जागा नव्हती. १७९५-९६ मध्ये इंग्लंडात धान्य टंचाई झाली तेव्हा बंगालमध्ये बांधलेली जहाजे तांदूळ भरून लंडनला गेली. इंग्रजी स्वयंपाकघरात पुढे रुळले ते ‘पाटणा राइस’ हे एकच नाव, लांब दाण्याचा तो पाटणा.

पाटण्याला दुष्काळासाठी बांधलेले गोलघर १७८६ मध्ये पुरे झाले, पण ते कधीच पूर्ण भरले नाही. बंगालवर पुन्हा वेळ आली ती १९४३ मध्ये. आदल्या वर्षी आमनवर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीरोग पडला होता. चिंचुरा आणि बांकुडा इथल्या भात संशोधन केंद्रांच्या नोंदींवरून नंतर दिसले की नुकसान सगळ्या जातींचे सारखे नव्हते. वादळ, युद्ध, साठेबाजी, ब्रह्मदेशाचा बंद झालेला तांदूळ आणि सरकारची बेपर्वाई यांनी उरलेले काम केले. खेड्यांतून कलकत्त्याला आलेली माणसे दारोदार तांदूळ मागत नव्हती, भातही मागत नव्हती. ती ‘फेन’ मागत होती, भात शिजल्यावर निथळून टाकलेले पेजेचे पाणी. १७२९ च्या यादीतली सगळ्यांत खालची पायरी कुरकाशालीची होती; तिच्या खाली कणी, आणि कणीच्याही खाली फेन. शहरात रेशन सुरू झाले ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस.

फोर्ट विल्यम आज लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे आणि २०२५ च्या आरंभी त्याचे नवे नाव जाहीर झाले, विजय दुर्ग. नाव घेतले आहे ते सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून, आणि सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट केले आहे. यात एक जुना धागा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी आंग्र्यांचा विजयदुर्ग, इंग्रजांच्या भाषेत घेरिया, घेतला. वर्ष पुरे व्हायच्या आत हीच दोन माणसे कलकत्त्याला पोचली, जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी शहर परत घेतले, आणि त्यानंतर क्लाइव्हने गोविंदपुरात पाया खणला.

कोकणातल्या विजयदुर्गाच्या मागच्या गावांतही तांदळाची गोष्ट थोडीफार तीच आहे. वालय, बेळा, मुणगा, सोरटी ही नावे आता म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त आणि शेतात कमी. त्यांच्या जागी जया ही सुधारित जात आली, रत्नागिरी आणि कर्जतच्या संशोधन केंद्रांतले आकड्यांचे वाण आले. त्यांनी पोटे भरली, हे मान्यच करायला हवे. पण तापातून उठलेल्याला पेज करायची झाली की तांबड्या उकड्याची आठवण निघते, आणि कोणाकडे तरी बियाण्यापुरता ठेवलेला वालय शोधत माणसे दोन गावे चालत जातात.

कलकत्त्याच्या बाजारात तांदळाच्या दुकानापुढे उघड्या तोंडाची पोती मांडलेली असतात. प्रत्येकात एक पुठ्ठ्याची पाटी खोचलेली. वर जातीचे नाव, त्याखाली सिद्ध की आतप, नवा की जुना, आणि मग भाव. गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेते, फुंकर मारते, नाकाशी नेते, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहते आणि मगच किती किलो ते सांगते.